दुसऱ्या दलाची माणसे कधीच हाताखाली नसतील, तर थिएटर कमांडर घडणार कसा?

राजेंद्रनगर, इंदूर – प्रश्न

नमस्कार. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ऑगस्ट २०२५ मध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजात ‘रण संवाद’ हा तिन्ही दलांचा परिसंवाद भरला होता. शेजारच्या गावात घडलेली गोष्ट म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या बातम्या फार बारकाईने वाचल्या. थिएटर कमांडच्या, म्हणजे एका भौगोलिक क्षेत्रातली तिन्ही दले एकाच प्रमुखाच्या आज्ञेत आणण्याच्या, प्रश्नावर हवाई दलप्रमुखांनी तेथे आपले आक्षेप मोकळेपणाने मांडले आणि दुसऱ्या दिवशी संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मतभेद असल्याचे मान्य करून ते देशहित पाहून मिटवले जातील असे सांगितले. तेव्हापासून वर्गात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला पाठ्यपुस्तकांत मिळालेले नाही.

उद्या थिएटर कमांड झाल्या, तर त्यांच्या प्रमुखपदी येणारा अधिकारी भूदल, नौदल किंवा हवाई दल यांपैकी एकाच दलात पस्तीस-अडतीस वर्षे वाढलेला असेल. त्याने पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशा पायऱ्या चढलेल्या असतील, किंवा युद्धनौका आणि ताफा सांभाळला असेल, किंवा स्क्वाड्रन आणि हवाई तळ. मग एके दिवशी उरलेल्या दोन दलांची माणसे आणि साधनेही त्याच्या आज्ञेत येतील. ती वापरायची कशी, त्यांच्याकडून किती मागायचे आणि कोठे थांबायचे, हे तो तोपर्यंत कोठे शिकलेला असेल? खडकवासल्याची प्रबोधिनी, वेलिंग्टनचे स्टाफ कॉलेज, दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज येथे तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र शिकतात हे मला ठाऊक आहे. पण एका वर्गात बसणे आणि दुसऱ्याच्या माणसांची जबाबदारी अंगावर घेणे यांत मोठे अंतर आहे असे मला वाटते.

अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर–निकोल्स कायद्याने संयुक्त, म्हणजे एकाहून अधिक दलांच्या एकत्र कामातल्या, नेमणुकीचा अनुभव ही वरिष्ठ पदांसाठीची अटच करून टाकली. आपल्याकडेही तशी अट असावी का? आणि भूदलाच्या ब्रिगेडियरला नौदलात किंवा हवाई दलात प्रत्यक्ष कमांड देणे व्यवहारात शक्य आहे का? सेवेत राहिलेल्या, किंवा ज्यांच्या घरात सेवेची परंपरा आहे अशा वाचकांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

महूकर – उत्तर

ताई, आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. भूदलाच्या ब्रिगेडियरला युद्धनौकेची किंवा लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनची कमांड देता येत नाही आणि देऊही नये. सतराव्या शतकात इंग्लंडने रॉबर्ट ब्लेक आणि जॉर्ज मंक यांसारख्या जमिनीवर लढलेल्या सेनानींना आरमाराचे सेनापती केले आणि त्यांनी तेथे नाव काढले, हे खरे. परंतु त्या काळी जहाज हाकणारे वेगळे आणि लढाईचा निर्णय घेणारे वेगळे असू शकत. आज युद्धनौकेच्या कॅप्टनला दोन्ही कामे एकाच वेळी यावी लागतात आणि ती अंगवळणी पडण्यात त्याची उमेदीची वर्षे गेलेली असतात.

मात्र यावरून दुसऱ्या दलातल्या माणसांना कमांड करण्याचा अनुभव मिळणेच अशक्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. मी पायदळात होतो. पायदळाचा ब्रिगेडियर स्वतः तोफ डागत नाही आणि रणगाडाही चालवत नाही. तरीही मोहिमेत त्याच्या आज्ञेत तोफखान्याची, रणगाडा रेजिमेंटची, इंजिनिअरांची आणि सिग्नलची माणसे येतात. त्यांना कोणते काम सांगावे आणि कोणते सांगू नये हे त्याला कळते, कारण कॅप्टन-मेजर असल्यापासून तो त्यांच्याबरोबर सरावाला गेलेला असतो, त्यांच्या निरीक्षण अधिकाऱ्याला आपल्या कंपनीत घेऊन बसलेला असतो आणि पुढे त्यांच्या कामाचा जाबही त्याने वरिष्ठांना दिलेला असतो. भूदलाच्या आत ही चढण पायरीपायरीने बांधलेली आहे. तिन्ही दलांच्या मध्ये ती नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

अंदमान-निकोबार कमांडचे उदाहरण घ्या. कारगिलनंतरच्या सुधारणांमध्ये, २००१ साली, ती स्थापन झाली आणि तिन्ही दले व तटरक्षक दल एका प्रमुखाच्या हाताखाली आणणारी ती आपली पहिली कमांड ठरली. तिचे प्रमुखपद तिन्ही दलांकडे आळीपाळीने जात आले आहे. आपल्या नागपूरचे मनोज पांडे हे बॉम्बे सॅपर्स या भूदलाच्या इंजिनिअर रेजिमेंटचे अधिकारी. त्यांनी तेजपूरच्या चौथ्या कोअरची कमांड केली, २०२० मध्ये ते अंदमानला प्रमुख म्हणून गेले आणि २०२२ मध्ये भूदलप्रमुख झाले. म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्यावर, एकदम सर्वांत वरच्या पायरीवर, नौदलाचे आणि हवाई दलाचे घटक त्यांच्या आज्ञेत आले. त्यांनी ते पद समर्थपणे सांभाळले. पण व्यवस्थेचा विचार करताना एखाद्या माणसाच्या कर्तबगारीवर विसंबून चालत नाही. २००३ पासून असलेल्या, अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडचेही तसेच, तेथेही प्रमुख आळीपाळीने येतो आणि तोही थेट वरच्या हुद्द्यावर.

याच्या उलट अंदमानचे पहिले प्रमुख व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश यांची कारकीर्द पाहावी. ते नौदलाचे वैमानिक. १९७१ च्या युद्धात ते हवाई दलात प्रतिनियुक्तीवर होते, हवाई दलाच्या स्क्वाड्रनमधून हंटर विमाने उडवत पश्चिम आघाडीवर लढले आणि त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे त्यांनी ‘विराट’ या विमानवाहू नौकेची कमांड केली, अंदमानची नवी कमांड उभी केली आणि २००४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. हवाई दलाचा तरुण अधिकारी कसा विचार करतो, त्याला त्याचा कमांडिंग ऑफिसर काय विचारतो, विमान परत आले नाही तर त्या संध्याकाळी मेसमध्ये काय होते, हे त्यांना विशीतच आतून कळलेले होते. नंतर कितीही अभ्यासक्रम केले तरी ही जाण येत नाही.

एकत्र शिकण्याबद्दल आपण लिहिलेले मला पूर्णपणे पटते. १९९१ मध्ये आपले तिन्ही दलप्रमुख, जनरल रॉड्रिग्ज, ॲडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सूरी, प्रबोधिनीची पूर्वसंस्था असलेल्या जॉइंट सर्व्हिसेस विंगच्या पहिल्याच तुकडीचे सहाध्यायी होते. २०१९ च्या अखेरीस जनरल नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हेही प्रबोधिनीच्या एकाच, छप्पन्नाव्या, तुकडीतले. बॅचमेटची मैत्री मोठी गोष्ट आहे, अडचणीच्या वेळी एका फोनवर काम होते. पण दलादलांतले वाद त्या मैत्रीने मिटले नाहीत, कारण प्रत्येकाला आपापल्या दलाच्या वतीनेच बोलायचे होते आणि दुसऱ्या दलाच्या नुकसानीचे उत्तर देण्याची वेळ त्यांच्यापैकी कोणावर आलेली नव्हती.

सुदामानगर, इंदूर – उत्तर

महूकर सरांशी मी सहमत आहे. मी नौदलात होतो, आता इंदूरला स्थायिक आहे, आणि समुद्रावरची कमांड परक्याला का कळत नाही याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

युद्धनौकेवर कॅप्टन रात्री झोपायला जाण्यापूर्वी नाइट ऑर्डर बुकमध्ये स्वतःच्या हाताने लिहितो: अमुक अंतरात दुसरे जहाज आले तर मला उठवा, वाऱ्याची दिशा अमुक अंशांनी बदलली तर मला उठवा, अमुक वाजता दिवा दिसला नाही तर मला उठवा. ब्रिजवर पहारा देणारा प्रत्येक अधिकारी ते वाचून सही करतो. त्या वहीतल्या चार-सहा ओळींत कॅप्टनचा आपल्या अधिकाऱ्यांवर किती विश्वास आहे आणि कोठे नाही, हे स्पष्ट दिसते. जहाज एकदा धक्क्यावरून निघाले की किनाऱ्यावरचा ॲडमिरल त्याला हेतू सांगतो, मर्यादा सांगतो आणि गप्प बसतो. त्याने थांबवले नाही तर कॅप्टन आपल्या निर्णयाने पुढे जातो. भूदलातून आलेल्या वरिष्ठाला हे मौन अस्वस्थ करते. त्याला तासातासाला परिस्थितीचा अहवाल हवा असतो, जो त्याच्या कामात योग्यच आहे, कारण त्याच्या एका बटालियनची हालचाल शेजारच्या बटालियनची बगल उघडी पाडू शकते. समुद्रावर मात्र तोच आग्रह जहाजाचा ठावठिकाणा शत्रूला सांगणारा ठरू शकतो, कारण प्रत्येक संदेश म्हणजे एक प्रक्षेपण असते.

हे व्याख्यानात सांगून समजते. पण मध्यरात्री संदेश येत नाही आणि तरीही आपण विचारायचे नाही, हे संयमाचे काम प्रत्यक्ष जबाबदारी घेतल्याशिवाय जमत नाही. म्हणूनच ब्रिगेडियरला जहाज देऊ नये हे मान्य असूनही, ज्या लहान संयुक्त मुख्यालयाच्या हाताखाली दोन-चार जहाजे आहेत, तेथे त्याला प्रमुख नेमावे असे मी म्हणेन. अंदमानात भूदलाची ब्रिगेड आहे, कार निकोबारला हवाई दलाचा तळ आहे, कॅम्पबेल बेला नौदलाचा ‘बाज’ हा हवाई तळ आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत कार निकोबारच्या तळावर हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जीव गेले. तेव्हा बचावकार्यात गणवेशाचा रंग कोणी पाहिला नाही, आणि तेव्हा जे अधिकारी तेथे मधल्या हुद्द्यांवर होते त्यांना संयुक्त कामाचे जे शिक्षण मिळाले, ते कोणत्याही वॉर कॉलेजात मिळाले नसते.

मुरार, ग्वाल्हेर – उत्तर

इंदूरच्या चर्चेत ग्वाल्हेरकराने भाग घेतला तर चालेल असे धरून लिहितो. मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो, अधिकारी नव्हतो. त्यामुळे खालून दिसणारी बाजू सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक विमानाची एक एफ-७०० वही असते. ज्याने टायर पाहिला तो सही करतो, ज्याने इंजिन पाहिले तो सही करतो, ज्याने शस्त्रे लावली तो सही करतो, आणि शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. एखाद्या कॉर्पोरलने ‘हे विमान उडवण्याजोगे नाही’ असे त्या वहीत लिहिले, तर तळाचा प्रमुखही त्याला ‘उडव’ म्हणून हुकूम देत नाही. तो फार तर दुसऱ्या जाणकाराला पुन्हा तपासायला सांगतो. दुसऱ्या दलातून आलेल्या साहेबांना हा प्रकार प्रथम शिस्तभंगासारखा वाटतो हे मी पाहिले आहे. काही महिने हँगरमध्ये ये-जा केल्यावर त्यांना कळते की आमची शिस्त त्या सहीतच आहे. दुसरा फरक असा की भूदलात लढायला जवान जातो आणि अधिकारी त्याच्या पुढे असतो. लढाऊ विमानांत लढायला मुख्यतः अधिकारीच जातो आणि आम्ही त्याला सज्ज करून पाठवतो. त्यामुळे हवाई दलात कमांडिंग ऑफिसरचा अधिकार तो स्वतः किती चांगला उडतो यावरही ठरतो. बाहेरून आलेल्याला तो अधिकार कोठून मिळणार?

हवाई दलाचे आक्षेप निव्वळ हट्टातून आलेले आहेत असे कोणी समजू नये, म्हणून एवढेच सांगतो. मंजूर बेचाळीस स्क्वाड्रनपैकी, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर, लढाऊ स्क्वाड्रन एकोणतीसवर आल्या आहेत. सकाळी राजस्थानात लढलेले विमान संध्याकाळी लडाखमध्ये लागू शकते. ते तीन थिएटर कमांडरांत वाटून टाकले, तर प्रत्येकाकडे थोडे आणि कोणाकडेच पुरेसे नाही अशी स्थिती होईल, अशी ती काळजी आहे. आमच्या महाराजपूर तळाची मिराज विमाने कारगिल युद्धात, जून १९९९ मध्ये, टायगर हिलवरच्या ठाण्यांवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकण्यासाठी गेली होती. पण त्याआधी मे महिन्यात भूदलाला सशस्त्र हेलिकॉप्टर हवी होती आणि हवाई दलाचे म्हणणे होते की त्या उंचीवर ती सोपे लक्ष्य ठरतील. हवाई हल्ले २६ मे रोजी सुरू झाले, २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातले चारही जण गेले. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून ती हेलिकॉप्टर काढून घेतली गेली. दोन्ही बाजूंचे अधिकारी हुशार होते, शूर होते. ज्याने आयुष्यात एकदा तरी हेलिकॉप्टर युनिटच्या माणसांचे उत्तरदायित्व घेतले आहे असा भूदलाचा एखादा वरिष्ठ त्या खोलीत असता, तर तो वाद लवकर संपला असता असे मला आजही मनापासून वाटते.

स्नेहलतागंज, इंदूर – उत्तर

या चर्चेत वैद्यकीय सेवेचा उल्लेख अजून झालेला नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून लिहिते. माझे शिक्षण पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, झाले. तिन्ही दलांचे डॉक्टर तेथून निघतात, तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एका महासंचालकांच्या अखत्यारीत आहे आणि अधिकारी एका दलातून दुसऱ्या दलात जाऊ शकतात. पुनिता अरोरा २००४ मध्ये भूदलात लेफ्टनंट जनरल झाल्या, त्या हुद्द्यावर पोहोचलेल्या पहिल्या महिला; पुढच्याच वर्षी त्या नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झालेल्या सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी तर तिन्ही दलांत सेवा केलेली आहे. दुसऱ्या दलातल्या कमांडचा प्रश्न आमच्याकडे कधी तात्त्विक राहिलाच नाही, कारण जखम तिन्ही दलांत सारखीच असते आणि रुग्णालयाचा प्रमुख कोणत्या रंगाच्या गणवेशात आहे याने शस्त्रक्रिया बदलत नाही.

मला वाटते, जेथे काम तेच आहे तेथून सुरुवात करावी. ध्रुव हेलिकॉप्टर तिन्ही दलांकडे आहे, हेरॉन ड्रोन तिघांकडे आहे, ब्रह्मोस तिघांकडे आहे. मुंबई, गुवाहाटी आणि पोर्ट ब्लेअर येथे तिन्ही दलांसाठी संयुक्त लॉजिस्टिक्स नोड, म्हणजे रसद-पुरवठ्याची केंद्रे, सुरू झालेले आहेत. २०२३ मध्ये मेजर आणि लेफ्टनंट कर्नल दर्जाच्या शंभराहून अधिक अधिकाऱ्यांना दुसऱ्या दलांच्या युनिटांत पाठवण्यात आले, तेही अशाच सारख्या साधनांच्या ठिकाणी. हे अधिकारी पुढे ब्रिगेडियर, किंवा नौदल-हवाई दलातल्या त्याच दर्जाचे कमोडोर, एअर कमोडोर होतील तेव्हा त्यांना नेमके कोठे नेमले जाते, यावर सगळे अवलंबून आहे. ते पुन्हा आपापल्या दलाच्या ठरलेल्या वाटेला लागले, तर त्या अनुभवाचा उपयोग त्यांच्या आठवणींपुरताच उरेल.

राजेंद्रनगर, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरताईंचे उदाहरण उद्याच वर्गात सांगणार आहे.

एक शंका उरते. इस्रायलने तर याहून पुष्कळ पुढे जाऊन पाहिले. श्लोमो शमीर हे भूदलाचे सेनानी १९४९ मध्ये नौदलाचे आणि लगेच पुढे हवाई दलाचेही प्रमुख झाले. त्यांच्यानंतर हवाई दलाची धुरा हाईम लास्कोव्ह यांच्याकडे आली, जे वैमानिक नव्हते आणि पुढे सर्व सेनेचे प्रमुख झाले. उलट २००५ मध्ये हवाई दलातून आलेले डॅन हालुट्झ सरसेनापती झाले, २००६ चे लेबनॉन युद्ध हवाई हल्ल्यांवर फार विसंबून लढल्याची टीका त्यांच्यावर झाली आणि जानेवारी २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मग यातून काय घ्यावे? दुसऱ्या दलात प्रमुखपद मिळाल्याने माणूस घडतो की नाही? आणि अमेरिकेच्या कायद्यासारखी अट आपण करावी का, या माझ्या मूळ प्रश्नाकडेही कोणी वळावे.

महूकर – उत्तर

ताई, शमीर आणि लास्कोव्ह यांच्या वेळी इस्रायलची सारी सेनाच नुकतीच जन्माला आली होती. त्या हवाई दलाला त्या वेळी उत्तम वैमानिकांपेक्षा भरती, शिस्त, भांडार आणि प्रशिक्षण यांची घडी बसवणारा माणूस हवा होता, आणि ते काम पायदळातल्या कसलेल्या अधिकाऱ्याला येते. प्रौढ झालेल्या दलाला ते उदाहरण लागू पडत नाही. हालुट्झ यांच्याबाबतीत, ते हवाई दलाचे होते म्हणून युद्ध बिघडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जमिनीवरच्या डिव्हिजनचा भार त्यांच्या खांद्यावर कधी आलेला नव्हता, आणि जमिनीवरची कारवाई केव्हा सुरू करावी, तिला किती वेळ लागेल, हे ठरवताना ती उणीव जाणवली असे मला वाटते. चीनने २०१६ मध्ये पाच थिएटर कमांड उभारल्या तेव्हा सुरुवातीला सर्व प्रमुख भूदलाचे होते. २०१७ च्या आरंभी दक्षिण थिएटरवर युआन युबाय हे व्हाइस ॲडमिरल आले. कोणत्या दलाचा माणूस वर बसला हे लोक मोजत बसतात. तो वर येण्यापूर्वी कोणाकोणाच्या माणसांसाठी उत्तरदायी होता, हे मोजले पाहिजे.

आता कायद्याबद्दल. अमेरिकेचा कायदा हवेतून आला नव्हता. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडवण्याची मोहीम वाळवंटातच सोडून द्यावी लागली आणि परतताना नौदलाचे हेलिकॉप्टर हवाई दलाच्या सी-१३० विमानावर आदळून आठ जण मेले. त्या हेलिकॉप्टरवर मरीन कोअरचे, म्हणजे आणखी वेगळ्याच दलाचे, वैमानिक होते. एकत्र सराव न झालेली माणसे एका रात्रीपुरती एकत्र आणली गेली होती. त्यानंतर १९८३ मध्ये ग्रेनाडा बेटावरच्या कारवाईतही दलादलांचा मेळ नीट बसला नाही, आणि मग तो कायदा झाला. त्याचा लाभ निर्विवाद आहे: ज्या संयुक्त नेमणुकांकडे महत्त्वाकांक्षी अधिकारी पूर्वी पाठ फिरवत, त्या ते मागून घेऊ लागले. पण त्यात दोन दोषही आहेत. सूट देण्याची तरतूद कायद्यातच होती, आणि बढतीसाठी शिक्का हवा म्हणून नेमणूक घ्यायची, टेबलावर बसून मुदत काढायची, ही वृत्ती तिकडे वारंवार टीकेचा विषय झाली. त्यांच्या अटीत स्टाफची संयुक्त नेमणूकही चालते. मला ते पुरेसे वाटत नाही. स्टाफवर असलेला अधिकारी सल्ला देतो. सल्ला चुकला तर त्याची झळ दुसऱ्याला बसते. कमांडमध्ये दुसऱ्या दलाच्या नाविकाची रजा नाकारणे, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे, त्याच्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिणे, आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या घरी पत्र लिहिणे, ही सारी कामे स्वतःवर येतात.

आपल्याकडे यातील एक मोठी अडचण नुकतीच दूर झाली आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. भूदलाचा जवान १९५० च्या आर्मी ॲक्टखाली, वायुसैनिक १९५० च्या एअर फोर्स ॲक्टखाली आणि नाविक १९५७ च्या नेव्ही ॲक्टखाली येतो. त्यामुळे संयुक्त संस्थेत काम करणाऱ्यावर शिस्तीची कारवाई करायची तर त्याला त्याच्या मूळ दलाच्या युनिटकडे परत पाठवावे लागे. ज्याला शिक्षा करता येत नाही त्याला आज्ञा देण्यात काय दम असतो, हे सेवेत राहिलेल्यांना सांगायला नको. २०२३ मध्ये संसदेने आंतरसेवा संस्थांच्या कमांड, नियंत्रण आणि शिस्तीविषयीचा कायदा केला, तो १० मे २०२४ पासून लागू झाला आणि आता अशा संस्थेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर ते अधिकार आहेत. थिएटर कमांड व्हायच्या तेव्हा होवोत. मधल्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दलाची माणसे खऱ्या अर्थाने हाताखाली देण्याची वाट या कायद्याने आजच मोकळी केली आहे.

म्हणून माझे उत्तर असे, की अट असावी, पण ती कमांडची असावी आणि ब्रिगेडियर, कमोडोर, एअर कमोडोर या हुद्द्यावर असावी. आज डिफेन्स सायबर एजन्सी, डिफेन्स स्पेस एजन्सी आणि विशेष मोहिमांचा संयुक्त विभाग यांच्या प्रमुखपदी मेजर जनरल दर्जाचे अधिकारी असतात; त्या नेमणुका चांगल्या आहेत, पण मोजक्या आहेत आणि थोड्या उशिराच्या आहेत. त्याखाली डॉक्टरताईंनी सांगितलेले लॉजिस्टिक्स नोड, ड्रोनची केंद्रे, हवाई संरक्षणाचे रडार जेथे एकमेकांना जोडले जात आहेत ती ठिकाणे, आणि अंदमानातली उपमुख्यालये यांचे प्रमुखपद ठरवून आळीपाळीने फिरवावे. सैन्यदलांतल्या सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने मधल्या हुद्द्यांसाठी तिन्ही दलांचे एकत्र वॉर कॉलेज असावे असे सुचवले होते. तेही अवश्य व्हावे, आणि महूला झाले तर मला विशेष आनंद होईल. पण त्या वर्गात बसण्यापूर्वी किंवा बसल्याबरोबर प्रत्यक्ष जबाबदारी मिळाली नाही, तर अभ्यासक्रमांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडेल इतकेच.

मुख्य अडचण वेळेची आहे. ब्रिगेडियर छप्पन्नाव्या वर्षी, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या आणि लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. डिव्हिजन आणि कोअर यांच्या कमांडमध्येच शेवटची वर्षे इतक्या घाईत जातात, की तेथे आणखी एक नेमणूक घुसवली तर दोन्ही अर्धवट राहतात. आपल्या विद्यार्थ्यांनी विचारले तर त्यांना सांगावे, की ही जागा ब्रिगेडच्या कमांडनंतर लगेचची आहे, दोन वर्षांपेक्षा कमी नको, आणि त्या काळातला गोपनीय अहवाल दुसऱ्या दलाच्या वरिष्ठाने लिहिलेला असावा व निवड मंडळाने त्याला स्वतःच्या दलातल्या अहवालाइतकेच वजन द्यावे. या शेवटच्या मुद्द्यावर तिन्ही दलांची निवड मंडळे आजही सहजासहजी राजी होणार नाहीत.